पिक्चर कोणता लावायचा?

वाचनालयाच्या हॉलमध्ये, शाळेच्या सभागृहात किंवा गणेश मंडळाच्या मांडवात मुलांसाठी सिनेमा दाखवायचं ठरलं की बैठकीचा बहुतेक वेळ प्रोजेक्टर कुणाकडून आणायचा आणि अल्पोपाहाराचं काय यात जातो. सिनेमा ठरतो शेवटी, लोक चपला शोधायला लागल्यावर. कुणी ‘श्यामची आई’ म्हणतं, कुणी ‘तारे जमीं पर’, कुणी ‘दंगल’. सगळ्यांच्या माना हलतात. या नावांना कुणी हरकत घेणार नाही, एवढंच त्यामागचं कारण असतं. सरपंच पुढच्या रांगेत बसले तरी चालेल, मुख्याध्यापकांना आभारप्रदर्शनाआधी चार शब्द बोलता येतील, उद्या कुठल्या पालकाचा फोन येणार नाही. सतरंजीवर बसणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींचा विचार त्यात कुठेच झालेला नसतो.

माझं भांडण या पद्धतीशी आहे. त्या सिनेमांशी नाही. ‘श्यामची आई’चंच घ्या. आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट १९५३ चा. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याला मिळालं. वनमालाबाईंची आई आणि माधव वझ्यांचा श्याम आजही बघण्यासारखा आहे. पण बैठकीत नाव सुचवणाऱ्याने तो अलीकडे पाहिलेला असतो का? बहुधा नाही. त्याला आठवत असतात ते नावाला चिकटलेले संस्कार. मग प्रास्ताविकात मुलांना सांगितलं जातं की आईची माया कशी असते ते बघा. आता साने गुरुजींच्या ज्या पुस्तकावरून हा सिनेमा झाला, त्यात मायेइतकंच कर्ज भरलेलं आहे. सावकाराचा वसुलीचा माणूस घरी येऊन बसतो, घरावर जप्ती येते, वडिलांची गावातली पत जाते आणि या सगळ्यात आई खंगत जाते. ज्या मुलाच्या घरी सोसायटीचे हप्ते थकलेत आणि बँकेची नोटीस फळीवर ठेवलेली आहे, त्याला हे कर्ज सगळ्यात आधी दिसेल. पण इथे काय बघायचं असतं ते त्याला आधीच बजावलेलं असतं. तो त्याविषयी बोलत नाही. चांगला सिनेमासुद्धा बोधाच्या मापाने निवडला की असा आखडून जातो.

मुलांसाठी सिनेमा निवडताना ‘यातून ती काय शिकतील’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा असं माझं ठाम मत आहे. सगळ्यात आधी विचारावं ते हे: या सिनेमात एकत्र बसून बघण्यासारखं काय आहे? कारण एकट्याने बघायला आता प्रत्येकाकडे फोन आहे. चौदा वर्षांच्या मुलाने अजून काही पाहिलेलं नाही असं धरून चालणारे आपण स्वतःचीच समजूत घालत असतो. त्याने मारामाऱ्या पाहिल्यात, प्रेमप्रकरणं पाहिलीत, आपण नाव घेणार नाही तेही पाहिलंय. अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत, पांघरुणाखाली, कुणाला न विचारता आणि कुणाशी न बोलता. त्यापासून त्याला वाचवणं हॉलच्या हातात राहिलेलं नाही. हॉल त्याला दुसरं काहीतरी देऊ शकतो. एकाच गोष्टीपाशी दोन तास थांबणं, आणि त्या दोन तासांत आजूबाजूच्या शंभर जणांना काय होतंय ते कळणं. मी जिथे हसलो तिथे शेजारची मुलगी का हसली नाही, हा प्रश्न फोनवर कधीच पडत नाही. हॉलमध्ये तो पडतो. ज्या सिनेमाने हे घडेल तो लावण्यासारखा.

या वयाच्या मुलांची आपल्याकडे आबाळच झालेली आहे. सरकारने १९५५ साली बाल चित्रपट समिती काढली, नेहरूंच्या आस्थेतून. केदार शर्मांचा ‘जलदीप’ हा तिचा पहिला चित्रपट, आणि त्याला व्हेनिसला पुरस्कारही मिळाला. पुढे अनेक वर्षं समितीने सिनेमे काढले, शाळाशाळांतून दाखवले. २०२२ साली ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. समितीच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण ‘बालचित्रपट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते आठ-दहा वर्षांचं निरागस मूल. आवाज फुटलेला, मिसरूड यायला लागलेला, कुणीतरी आवडायला लागलेला, घरच्यांशी बोलणं तुटलेला मुलगा त्या चौकटीत बसत नाही. बालचित्रपटाला तो ‘बारक्यांचा’ म्हणतो आणि मोठ्यांच्या सिनेमाला आपण त्याला नेत नाही. कायद्यालाही हे वय उशिरा दिसलं. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्राचे सात, तेरा आणि सोळा वर्षं असे तीन टप्पे केले. निवड करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. मात्र काय वगळायचं एवढंच प्रमाणपत्र सांगतं. काय दाखवायचं ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

समित्यांमध्ये आणखी एक वाक्य हमखास ऐकू येतं: “एवढा हळू सिनेमा पोरांना झेपणार नाही.” यावर मला अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’चं उदाहरण द्यावंसं वाटतं. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला अकरा वर्षांचा चिन्मय, नवी शाळा, नवे मित्र, आणि सिनेमाभर पाऊस. उपदेशाचं एक वाक्य नाही. मुलं सायकलींची शर्यत लावत किल्ल्यावर जातात. पाऊस कोसळायला लागतो आणि बाकीची चिन्मयला तिथेच सोडून निघून येतात. त्यांच्या दृष्टीने काही विशेष घडलेलं नसतं. पावसात सगळे पळाले, तसे तेही पळाले. चिन्मयला मात्र पुन्हा एकदा कुणीतरी आपल्याला टाकून गेलंय. तो मित्रांशी बोलेनासा होतो. त्याला नेमकं काय लागलंय हे सिनेमा शब्दांत कुठेही सांगत नाही, आणि बघणाऱ्या मुलांना सांगावंही लागत नाही. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या विभागात या सिनेमाला स्फटिक अस्वल मिळालं. त्या पुरस्काराचे परीक्षक मोठी माणसं नसतात. अकरा ते चौदा वर्षांची मुलं ते सिनेमे बघतात, आपसांत वाद घालतात आणि ठरवतात. ज्यांना कोकण ठाऊक नाही, मराठीचा एक शब्द कळत नाही, अशा मुलांनी हा संथ सिनेमा निवडला. आपल्या तालुक्यातल्या मुलांना तो झेपणार नाही हे आपण कशाच्या जोरावर ठरवतो?

परदेशी सिनेमांच्या बाबतीत खरी अडचण भाषेची असते. इंग्रजी सबटायटल वाचत सिनेमा बघणं आठवी-नववीतल्या बऱ्याच मुलांना जमत नाही, आणि जमत नाही म्हणून ती हिरमुसतात. अशा वेळी कमी बोलणारे सिनेमे शोधावेत. अब्बास किआरोस्तामी यांचा १९८७ चा ‘मित्राचं घर कुठे आहे’ हा त्यासाठी मला फार आवडतो. इराणमध्ये मुलांच्या बौद्धिक विकासासाठी १९६५ साली ‘कानून’ नावाची संस्था निघाली. तिने आधी वाचनालयं काढली, पुस्तकं छापली आणि मग सिनेमा विभाग सुरू केला, तो किआरोस्तामींच्याच हाताने. त्यातून घडलेला हा सिनेमा. अहमदच्या दप्तरात चुकून शेजारच्या मुलाची वही आली आहे. वहीत गृहपाठ नसेल तर उद्या मास्तर त्याला शाळेतून काढून टाकणार आहेत. अहमद वही पोचवायला शेजारच्या गावी धावत सुटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही मुलाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

त्यात एक प्रसंग आहे, ज्यासाठी हा सिनेमा एकट्याने न बघता हॉलमध्येच बघावा असं मी म्हणेन. अहमद घाईत असताना आजोबा त्याला सिगारेट आणायला पाठवतात. शेजारी बसलेला म्हातारा त्यांना आपली सिगारेट देऊ करतो, तेव्हा आजोबा सांगतात की सिगारेटी माझ्याकडे आहेत. पोराला सांगितलेलं ऐकायची सवय लागावी म्हणून पाठवलं. आणि मग ते आपल्या लहानपणी बाप पंधरवड्यातून एकदा कसा चोप द्यायचा, कारण असो वा नसो, हे अभिमानाने सांगतात. इथे हॉलचे दोन तुकडे होतात. काही मुलं चिडतात. काही मुलं, आणि मागे उभे असलेले बरेच पालक, आजोबांच्या बाजूने असतात. दिवे लागल्यावर एवढंच विचारावं की आजोबांचं बरोबर होतं का. पुढचा अर्धा तास समन्वयकाला तोंड उघडावं लागत नाही. बापाच्या हातचा मार या विषयावर गावात, बापांच्या देखत, मुलांना बोलायला दुसरी कुठली जागा मिळते?

आता हॉलमध्ये कोण बसलंय याकडे येऊ. निवड इथेच सगळ्यात नाजूक होते, आणि इथेच आपण ती सगळ्यात ढिली सोडतो.

चौकात रात्री नऊ वाजता पडदा लावला की मुली येत नाहीत. आल्या तर आईच्या पदराआड, कडेला बसतात आणि मध्येच उठून जातात. सिनेमा कितीही चांगला निवडा, वेळ ठरवताना अर्धा गाव आपण गाळलेला असतो. म्हणून मी वेळेला निवडीचाच भाग मानतो. रविवारी दुपारी चारला, खिडक्यांना काळे कागद लावून, वाचनालयाच्या हॉलमध्ये जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ लावून बघा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, गावातल्याच माणसांना घेऊन केलेला हा सिनेमा. शिकणारी, नोकरीची स्वप्नं बघणारी सविता, आणि तिला बघायला येणारी एकामागून एक माणसं. सिनेमा सुरू होतो उलट्या प्रसंगाने. मुलीकडच्या बायका ऐटीत बसल्या आहेत आणि एका मुलाला समोर बसवून नाव, शिक्षण, उंची विचारत आहेत. मुलं खो खो हसतात. मग हेच प्रश्न, त्याच क्रमाने, सविताला विचारले जातात. पुन्हा विचारले जातात. आणखी एकदा विचारले जातात. हसू कधी थांबलं ते कळत नाही. आधी मुलगे गप्प होतात की मुली, हे बघण्यासारखं असतं, आणि दोघं एका हॉलमध्ये असल्याशिवाय ते घडतच नाही. मुलींसाठी वेगळा आणि मुलांसाठी वेगळा खेळ ठेवण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा. रवी जाधव यांच्या ‘बालक-पालक’च्या वेळी हा प्रस्ताव नक्की येतो, कारण विषय वयात येण्याचा आहे आणि खरा संकोच आयोजकांनाच होत असतो.

आणि ‘फँड्री’. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा हा सिनेमा किशोरवयीनांना दाखवायलाच हवा असं मला वाटतं, आणि त्याच्याइतका विचार मी दुसऱ्या कुठल्याच सिनेमाबाबत करत नाही. कैकाडी समाजातला जब्या, त्याला आवडणारी वर्गातली शालू, आणि गावासाठी डुकरं पकडायचं काम करणारं त्याचं घर. शेवटच्या भागात सगळं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, शाळा शेजारीच आहे, वर्गातली मुलं बघायला जमलीत, शालूही त्यांच्यात आहे. जब्या तोंड लपवतोय. डुक्कर हाती येणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, घरचे सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर त्यांच्यासमोरून निघून जातं. पडद्यावर गाव हसत असतं. हॉलही हसतो, दर वेळी. दिग्दर्शकाने ते हसू मुद्दाम उभं केलं आहे, कारण अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ कॅमेऱ्यावर, म्हणजे हसणाऱ्या आपल्यावर येतो. शहरातल्या थिएटरमध्ये याला प्रभावी शेवट म्हणतात. गावातल्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत त्याच समाजाचा मुलगा बसलेला असू शकतो. त्याच्यासाठी दगड यायच्या आधीची पंधरा मिनिटं म्हणजे काय? त्याचे वर्गमित्र, त्याच्या शेजारी बसून, त्याच्या घरावर हसत आहेत. उद्या शाळेत त्याला कुठल्या नावाने हाक मारली जाणार?

म्हणून दाखवूच नये, असं काही जण म्हणतात. गावात तेढ नको, आहे ते बरं चाललंय. हे मला मान्य नाही. बरं चाललंय ते कुणाचं, हे त्या तिसऱ्या रांगेतल्या मुलाला विचारलेलं नसतं. जो सिनेमा त्याच्या बाजूने उभा आहे तोच त्याच्यापासून लपवायचा, हा न्याय उफराटा आहे. पण मुलं पहिल्यांदाच जमताहेत अशा खेळाला तो लावू नये. जिथे मुलांना एकमेकांचं ऐकायची सवय लागली आहे, हसून झाल्यावर आपण का हसलो हे बोलायची सवय लागली आहे, तिथे लावावा. आधी कुणाला बाजूला घेऊन “तुमच्या समाजाचा सिनेमा आहे हं” असं सांगू नये. नंतर त्या मुलाला उभं करून “तुला काय वाटलं?” हे तर मुळीच विचारू नये. त्याने बोलायचं की नाही हे त्याचं तो ठरवेल. विचारायचंच तर हसणाऱ्यांना विचारावं. आणि त्या दिवशी कुणाचंही भाषण ठेवू नये. सिनेमात पकडलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन माणसं जातात तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज रंगवलेले दिसतात. एवढं बघितल्यावर व्यासपीठावरून समतेवर दहा मिनिटं ऐकायला लावणं म्हणजे सिनेमा पुसून टाकणं आहे.

मग ही निवड करायची कुणी? माझं उत्तर आहे, मुलांनी; पण हात वर करून मतदानाने नाही. मतदान घेतलं की जो सिनेमा सगळ्यांनी आधीच पाहिलाय किंवा ज्याची गाणी गाजताहेत तोच येतो. त्याबद्दल मुलांना दोष देता येणार नाही, कारण न पाहिलेल्या सिनेमाला मत देणार कसं? बर्लिनची रीत इथे आणता येते. सहा-सात मुलामुलींचा गट करावा. तो वेगवेगळ्या वस्त्यांतून, वेगवेगळ्या इयत्तांतून यावा, आणि त्यात गप्प बसणारं एखादं मूल मुद्दाम असावं. मोठ्यांनी तीन सिनेमे सुचवायचे, गटाने ते पूर्ण बघायचे, भांडायचं आणि एक निवडायचा. आणि खेळाच्या दिवशी त्यांच्यातल्या एकाने उभं राहून तो का निवडला हे सांगायचं. पाहुण्यांच्या प्रास्ताविकाची जागा त्याला द्यावी. मोठ्यांना नकाराधिकार फक्त दोन कारणांसाठी असावा: कायदा, आणि हॉलमध्ये हजर असलेल्या एखाद्या मुलाला होणारी इजा. “लोक काय म्हणतील” हे कारण त्यात बसत नाही.

कायद्याचा उल्लेख निघालाच आहे तर तोही बघून घेऊ. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा अठरा वर्षांखालच्यांना जाहीर दाखवता येत नाही, मग तो कितीही थोर असो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून, फक्त विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित माणसांपुढे सिनेमा दाखवता येतो. मंडळाच्या मांडवाला किंवा समाजमंदिराला ही सवलत लागू नाही. आणि ओटीटीचं वर्गणी भरलेलं खातं घरी बघण्यासाठी असतं. निर्मात्याला पत्र लिहून परवानगी मागावी. मुलांच्या गटाकडूनच ते पत्र लिहून घ्यावं.

तयारीच्या कामांत मी एकाच गोष्टीवर अडून बसतो. निवडलेला सिनेमा निवडणाऱ्याने आधी त्याच हॉलमध्ये, त्याच स्पीकरवर पूर्ण बघावा. पत्र्याच्या छपराखाली ‘किल्ला’तला पाऊस आणि बाहेरचा पाऊस एक होतो आणि संवाद बुडतात. मग मुलं कंटाळली म्हणून आपण सिनेमाला बोल लावतो.

खेळ संपल्यावर “काय बोध घेतला?” हा प्रश्न हद्दपार करावा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर यांनी सिनेमा शिकवला तो प्रसंग पुन्हा पुन्हा दाखवून, त्यात काय कुठे ठेवलंय ते विद्यार्थ्यांना बघायला लावून. आपल्याकडे आता लॅपटॉप असतो. मुलांना विचारावं, कुठला प्रसंग पुन्हा बघायचाय? तो लावावा. दुसऱ्यांदा बघताना कुणाला तरी कोपऱ्यातलं असं काही दिसतं जे पहिल्यांदा कुणालाच दिसलं नव्हतं, आणि बोलणं तिथून सुरू होतं.

मला कुणी वर्षाची आखणी विचारली तर सुरुवात परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’ने करावी असं मी म्हणेन. कर्जापायी वडिलांनी बनवलेली सायकल विकायची वेळ आलेली, आणि ती वाचवायला पंढरपूरच्या यात्रेत चोरून बांगड्या विकायला बसलेली मुलं. पोरं पोट धरून हसतात, आणि रविवारी दुपारी पोट धरून हसायला येणं हे हॉलमध्ये येण्याचं पुरेसं कारण आहे. ‘श्यामची आई’ महिन्याभराने लावावी, म्हणजे दोन्ही घरांतलं कर्ज मुलांना शेजारी शेजारी ठेवता येईल. मग ‘किल्ला’, मग किआरोस्तामी, परीक्षा झाल्यावर ‘स्थळ’, आणि गट चांगला मुरल्यावर ‘फँड्री’. त्यापुढचा महिना संपूर्ण मुलांचा. त्या वेळी तीन नावंसुद्धा मोठ्यांनी सुचवू नयेत. गटाने आणलेलं नाव आपल्याला अजिबात पसंत पडलं नाही तरी तो सिनेमा लावावा, आणि दिवे लागेपर्यंत मागच्या रांगेत बसून पूर्ण बघावा.